कासवाच्या पायऱ्या

आता सांगायला हरकत नाही. मधले काही महिने मी एक भीती कुणाला न दाखवता सांभाळत होते. खाताना, झोपताना, शेजारणीशी हसून बोलतानासुद्धा ती माझ्याजवळच असायची. आणि ती घालवली कुणी म्हणाल, तर एका कासवानं. विहिरीतलं कासव नव्हे. माझ्या नातीच्या लॅपटॉपवरचं, बोटाच्या पेराएवढं, हिरवं.

आधी माझं थोडं सांगते. बेंबळीच्या शिवारात आमचं घर. मी शाळेची पायरी चढले नाही. वाचायला शिकले ते किराणाच्या पुड्यांचे कागद सरळ करून, आणि लिहायला शिकले ते लेक खेळायला गेला की त्याची पाटी घेऊन. त्यामुळं मी लिहिते ते बोलल्यासारखंच लिहिते. शुद्धलेखनाच्या चुका नात काढते, बाकीच्या तशाच राहतात.

श्रावणातली गोष्ट. चष्म्याची काडी मोडली होती, ती बसवून आणायला धाराशिवला गेले. एकटीच. त्यात काही नवल नव्हतं, कारण लेकाच्या लग्नाचा बस्ता, लेकीचं बाळंतपण, कोर्टातली बांधाची तारीख, सगळ्यासाठी मी धाराशिव पायाखाली घातलेलं. एसटीतून उतरायचं, स्टँडाबाहेर पडायचं आणि चालू लागायचं, की चष्म्याचं दुकान येतंच. त्या दिवशीही उतरले आणि चालू लागले. रस्त्यात काही विचार करायची गरज कधी पडली नव्हती, तशी त्या दिवशीही पडली नाही. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं की दुकानं ओळखीची नाहीत. एका शाळेची लांबलचक भिंत आली, मग मोकळं मैदान, मग लाकडाची वखार. वखार मी जन्मात पाहिली नव्हती. मागं फिरले, तर कुठून आले तेच कळेना.

एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवली आणि मावशी, कुठं जायचंय म्हणून विचारलं. चांगला माणूस होता. पण मला पटकन सांगताच येईना. तोंडात चष्मा हा शब्द होता, तो बाहेर निघेना. शेवटी म्हणाले, स्टँडवर. त्यानं स्टँडवर आणून सोडलं, मी पहिली गाडी धरली आणि काडी न बसवताच घरी आले. घरी सांगितलं, दुकान बंद होतं.

आता रस्ता चुकणं म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे, असं तुम्ही म्हणाल. पण मी माझ्या सासूबाई पाहिल्या होत्या. त्यांचं शेवटचं सगळं मीच केलं. भलत्या हुशार बाई, गावातल्या दोन्ही गल्ल्यांतल्या बाळंतिणी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्या एकदा ओढ्यावरून धुणं घेऊन निघाल्या आणि घरी यायच्या ऐवजी दुसऱ्याच्या मळ्यात जाऊन बसल्या. सुरुवात तिथून झाली. मग मीठ कुठं, साखर कुठं. मग स्वतःच्याच उंबऱ्यावर उभ्या राहून मला विचारायच्या, "हे कुणाचं घर हाय गं बाई? आत येऊ का?" मी या म्हणायचे. पाहुण्यासारख्या आत येऊन बसायच्या आणि पाणी मागायच्या. त्यांना मी रागावले नाही कधी, पण तो उंबरा ओलांडतानाचा त्यांचा चेहरा माझ्या मनातून गेला नाही.

तर मला वाटलं, आता आपली पाळी आली.

एकदा तसं वाटायला लागलं की पुरावे आपोआप मिळतात. आमटीत मीठ दोनदा पडलं. देवापुढं दिवा लावला की नाही म्हणून पुन्हा जाऊन बघायचे. शेजारणीच्या लेकीचं गाव आठवेना, तर मी घटकाभर गोठ्यात जाऊन बसले आणि ते आठवल्यावरच उठले. धाराशिवला जायचं निघालं की मी गुडघा पुढं करायचे. तुम्ही जा, माझा गुडघा धरलाय. काडीला दोरा गुंडाळून चष्मा तसाच वापरला. सूनबाईनं दोनदा म्हटलं, आत्याबाई, द्या मी नेते. मी दिला नाही. तिनं दुकानात जाऊन विचारलं असतं, त्या दिवशी बंद होतं का, म्हणून.

अशात ते कासव घरात आलं.

नात आठवीत आहे. लेक कारखान्यावर कामाला असतो, सणावारालाच घरी येतो. त्यानं तिला कुणाचा तरी वापरलेला लॅपटॉप आणून दिला. शाळेत त्यांना संगणकाच्या तासाला कासव शिकवायला लागले होते. म्हणजे असं, की पडद्यावर एक कासव असतं आणि त्याच्या शेपटीला जशी काय लेखणी बांधलेली. ते चालेल तशी मागं रेघ उमटते. त्याला आपण हुकूम द्यायचा. एफ डी म्हणजे पुढं जा, आर टी म्हणजे उजवीकडं वळ, एल टी म्हणजे डावीकडं वळ. किती जायचं, किती वळायचं, तो आकडा कंसात. कंस मिटवायचा राहिला की लाल अक्षरात वसकन अंगावर येतं. आकार पूर्ण झाला की रंग भरायचा हुकूम वेगळा.

नातीनं एक फूल काढलं होतं. जांभळं, पिवळं, मध्ये केशरी. पाकळीवर पाकळी चढत गेलेली. मी रांगोळीत जन्म घालवला, पण अशी एकसारखी पाकळी माझ्या हातून उतरली नव्हती. मी म्हटलं, बाई गं, हे तू काढलंस?

"मी न्हाय, कासवानं काढलं. मी नुसतं सांगितलं. तू बी सांग की, आजी."

ती मला अगंतुगंच करते. मला तेच बरं वाटतं. तिनं लॅपटॉप उगवतीच्या दाराशी चौरंगावर ठेवलेला, कारण तिथं उजेड चांगला. मी समोर पाट घेऊन बसले. ती म्हणाली, आधी सोपा चौकोन काढ. चारी बाजू शंभर आणि कोपऱ्यावर नव्वद. मग ती दप्तर आवरायला गेली.

आता नीट ऐका. मी उगवतीकडं तोंड करून बसलेली. माझ्या उजव्या अंगाला सैपाकघर, डाव्या अंगाला गोठा. कासवाचं तोंड सैपाकघराकडं. मी सांगितलं पुढं जा शंभर, ते सैपाकघराकडं चाललं. मी म्हटलं उजवीकडं वळ, ते खाली वळलं, माझ्याकडं. पुढं जा शंभर, आलं माझ्याकडं. इथवर सगळं छान. आता त्याला गोठ्याच्या अंगाला न्यायचं, म्हणजे चौकोनाची तिसरी बाजू होईल. गोठा माझ्या डावीकडं. मी एल टी दाबलं, नव्वद, पुढं जा शंभर. आणि ते पुन्हा सैपाकघराकडंच निघालं.

मला वाटलं, अक्षर चुकलं. पुसून पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी बोटानं हवेत दाखवून, हा डावा, हा उजवा, असं म्हणत म्हणत दाबलं. चौकोन झालाच नाही. आडवी रेघ, उभी रेघ, आडवी रेघ, उभी रेघ. पायऱ्या झाल्या. आमच्या विहिरीला आहेत तशा पायऱ्या, खाली खाली उतरत पडद्याच्या बाहेर निघून गेल्या, आणि कासवही त्यांच्याबरोबर दिसेनासं झालं.

मी झाकण लावलं. नातीला म्हटलं, डोळे दुखतात.

पण मन राहीना. दुपारी सूनबाई रानात, नात शाळेत, आमचे हे ओसरीवर आडवे झालेले. मी जाऊन गुपचूप झाकण उघडायचे. नात ते कासव माझ्यासाठी मांडूनच ठेवायची. मी रोज चौकोन काढायला बसायचे आणि रोज पायऱ्या निघायच्या. मला काय वाटत असेल, विचार करा. जे आठवीतल्या लेकराला खेळ वाटतं, त्यात मला डावं-उजवं कळेना. म्हणजे त्या वखारीपाशी जे झालं ते एकदाचं नव्हतं. ते आतूनच निघालं होतं आणि आता मला पडद्यावर रेघ मारून दाखवत होतं. सासूबाईंच्या वेळी असं काही नव्हतं म्हणून त्यांना कळायला उशीर झाला. मला लवकर कळलं, एवढाच फरक. मी ठरवून टाकलं की दिवाळीला लेक आला की त्याला बाजूला घेऊन सांगायचं, बाबा, तुझी आई आता एकटी सोडू नका. आणि कासवाला हात लावायचा बंद केला.

नात बोलवायची, आजी ये की. मी म्हणायचे, वाकळ घालायची राहिलीय.

खोटं नव्हतं ते. थंडीच्या आधी मला दरवर्षी एक तरी वाकळ लागते. जुनी लुगडी, जुनी धोतरं एकावर एक अंथरायची, आणि हातानं धावदोरा घालत जायचा. मशीनवरच्या वाकळेला ऊब नसते, असं माझं मत आहे, सूनबाईचं नाही. त्या दिवशी पडवीत वाकळ अंथरली आणि काठापासून दोरा घालायला बसले. वाकळेला दोरा कसा घालतात ते बघितलं असेल तुम्ही. बाई वाकळेवरच बसते. काठाकाठानं सरकत जाते, कोपरा आला की बूड उचलून वळते, पुन्हा काठाकाठानं. चारी कोपरे झाले की आतल्या अंगानं दुसरी रांग, मग तिसरी, असं मधोमध येईपर्यंत.

मी दुसऱ्या कोपऱ्यावर आले. बूड उचललं, वळले आणि सुई पुन्हा पुढं घातली. आणि तशीच थांबले.

पहिल्या काठाला गोठा माझ्या डाव्या हाताला होता. आता उजव्या हाताला होता. गोठा हलला नव्हता, मी फिरले होते. आणि वळताना माझ्या मनात आलं नव्हतं की आता गोठ्याकडं जायचंय म्हणून डावीकडं वळू. मी पहिल्या कोपऱ्यावर ज्या अंगाला वळले, दुसऱ्यावरही त्याच अंगाला वळले होते. तिसऱ्यावरही त्याच अंगाला वळणार होते. आजवर घातलेल्या सगळ्या वाकळा मी अशाच घातल्या होत्या, म्हणून तर त्या चौकोनी झाल्या. एखाद्या कोपऱ्यावर मी उलट वळले असते तर वाकळेबाहेर पडून सारवलेल्या भुईवर दोरा घालत बसले असते.

सुई तशीच वाकळेत खोचली. उठून उगवतीच्या दाराशी गेले. झाकण उघडलं. पुढं जा, उजवीकडं वळ. पुढं जा, उजवीकडं वळ. दुसऱ्या कोपऱ्यावर बोट सवयीनं एल टी कडं गेलं होतं, ते मी दुसऱ्या हातानं धरून आणलं परत. पुढं जा, उजवीकडं वळ. पुढं जा.

कासव निघालं होतं तिथं येऊन थांबलं. चौकोन मिटला.

रंगाचा हुकूम नातीनं कागदावर लिहून चौरंगाला चिकटवला होता, तो बघून बघून मी तांबडा रंग भरला. तो एकदम भरतो, रांगोळीसारखा चिमटी-चिमटीनं नाही. असा भरगच्च तांबडा चौकोन, मधोमध. मी त्याच्याकडं बघत किती वेळ बसले कोण जाणे. पण पूर्ण सुटका झाली नव्हती अजून. मनात म्हटलं, आज जमलं ते वाकळेमुळं. पण इतके दिवस चुकत होतं ते का? शहाण्यासुरत्या माणसाचं चुकलं असतं का?

संध्याकाळी सगळे घरात आल्यावर मी काही न सांगता नातीला म्हटलं, तुझ्या आजोबांना बसव कासवापुढं. त्यांना आधी कौतुक नव्हतं. मग बसले. ते बोलणार आणि नात बटणं दाबणार, असं ठरलं. उभा जन्म नांगर हाकलेला माणूस, सरळ रेघेत तासाला तास लावून. पुढं घाल म्हणाले. उजवीकडं घे. पुढं घाल. मग हात लांब करून, गोठ्याकडं बोट दाखवून म्हणाले, आता डावीकडं घे.

पायऱ्या.

"हे मुजोर हाय," ते म्हणाले. "याला वेसण न्हाय."

मी सूनबाईला बसवलं. ती बारावी शिकलेली, बचत गटाचा हिशेब तोंडी करते, माहेर कर्नाटकाच्या शिवेवरचं, दोन भाषा पाण्यासारख्या बोलते. आधी सासऱ्यांना हसत होती. तिनं स्वतः दाबलं. पुढं, उजवीकडं, पुढं, डावीकडं.

पायऱ्या.

नात पोट धरून हसायला लागली. "सगळ्या घरानं विहीर बांधली," ती म्हणाली. आणि मग तिनं समजावलं, सर समजावतात तसं हात मागं बांधून. कासवाचं डावं-उजवं कासवाबरोबर फिरतं. त्याचं तोंड आपल्याकडं असलं की त्याचं उजवं ते आपलं डावं. आपण कासव झालो तरच जमतं. वर्गातही निम्म्या पोरांच्या पायऱ्याच झाल्या होत्या पहिल्या दिवशी, असंही ती म्हणाली. हे तिनं मला आधी का सांगितलं नाही? तर मी विचारलंच नव्हतं. डोळे दुखतात म्हणत होते.

मग माझ्या ध्यानात आलं की आमच्या घरात डावं-उजवं फक्त हातांना असतं. बाकी सगळं उगवतीला नाही तर मावळतीला. मिठाचा डबा मावळतीच्या फळीवर. सूप उत्तरेच्या कोपऱ्यात. पाहुण्याला वाट सांगायची तर म्हणायचं, देवळापासून दक्षिणेच्या अंगाला या. चालणाऱ्याचं तोंड कुठंही असो, उगवत उगवतीलाच राहते. दोन भाषांची सूनबाईसुद्धा आमच्यात येऊन अशीच बोलायला लागलेली. कासवाला मात्र ना उगवत ना मावळत, त्याला फक्त स्वतःचं तोंड ठाऊक. आम्ही सगळे त्याला आमच्या गोठ्याकडं बोलवत होतो.

आणि मला रडू आलं. सगळे हसत होते आणि मी पदर डोळ्याला लावून बसले. नात घाबरली. तिला वाटलं, विहिरीचं लागलं मला. तेव्हा मी सांगून टाकलं. वखार, रिक्षावाला, बंद नसलेलं दुकान, दोनदा पडलेलं मीठ, सासूबाईंचा उंबरा, सगळं. एका दमात.

मग आमचे हे म्हणाले, "त्या दिवशी आभाळ हुतं."

मी म्हटलं, आभाळाचं काय?

"म्या सोयाबीनची फवारणी थांबवली हुती त्या दिवशी. सकाळपास्नं सूर्य दिसला न्हाय. अन् तू उन्हाकडं पाठ करून चालतीस, म्हातारे, चाळीस वर्सं बघतोय म्या. सूर्व्याबिगर तुला दिशा कवा कळल्यात?"

खरंच होतं ते. सकाळच्या गाडीनं गेलं की ऊन पाठीवर घ्यायचं आणि चालू लागायचं, एवढाच माझा धाराशिवचा नकाशा. गाडीही त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या फलाटाला, उलट्या तोंडानं लागली होती, हेही मला तेव्हा आठवलं, कारण उतरल्या उतरल्या समोर नेहमीचा उसाच्या रसाचा गाडा नव्हता आणि मला वाटलं होतं, गाडा हलवला वाटतं. गाडा नव्हता हलवला. मीच उलटी उतरले होते, आणि गाडीच्या दारातून समोर दिसलेल्या वाटेनं नाकासमोर चालत सुटले होते. तीही पायरीच की.

"अन् शब्द का सुचंना मग?" मी विचारलं. "चष्मा म्हणता येईना मला."

"भ्याली हुतीस," ते म्हणाले. "भ्यालं की मला बी तुझं नाव आठवत न्हाय."

सूनबाई मात्र नुसत्या हसण्यावर सोडणारी नाही. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "समदं खरं हाय, आत्याबाई. तरी बी एकदा दाखवून येऊ. तुमच्या मनातनं जाया पायजे." मी हो म्हटलं. आदल्या दिवशीपर्यंत मी धाराशिवच्या दवाखान्याच्या दिशेनं पाहिलं नसतं. आता जायला काही वाटेना. मधल्या दिवसांत मी नातीपाशी बसून पुढचं शिकले. त्रिकोणात पुन्हा फसले, कारण कोपरा साठचा असला तरी कासवाला वळावं लागतं एकशे वीस. मग त्यातली गोम कळली. कासवाला निघाल्या जागी परत यायचं असेल तर त्याची एक अख्खी गिरकी व्हावी लागते, तीनशे साठची. कोपरे तीन असले तर गिरकीचे तीन वाटे, पाच असले तर पाच. भाकरीचे वाटे करतो तसं. मी एक पिवळा त्रिकोण काढला, हिरवा पंचकोन काढला, आणि पंचकोनाला पाच वेळा फिरवून एक फूल काढलं, ते नातीच्या फुलापेक्षा थोडं कमी देखणं झालं, पण माझं झालं.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर तरुण होते, आवाज मऊ. त्यांनी रक्त तपासलं, गुडघ्यावर हातोडी मारली, मग गप्पा मारल्यासारखं विचारायला लागले. आज वार कोणता, महिना कोणता. तीन वस्तूंची नावं सांगितली आणि मग ती पुन्हा विचारली. उलटे आकडे म्हणायला लावले. मी सगळं सांगत होते, पण छाती धडधडत होती. सूनबाई दाराशी उभी, तिचं तोंडही उतरलेलं.

शेवटी त्यांनी एक कागद पुढं केला. त्यावर दोन आकार होते, एकमेकांत कोपरा घुसवलेले, आणि त्याखाली कोरी जागा.

"आजी, हे बघून असंच खाली काढायचं. सावकाश काढा."

मी बघितलं. दोन पंचकोन.

छातीची धडधड तिथंच थांबली. मी पेन्सिल टेकवली आणि मनात कासव झाले. पुढं जा, वळ. पुढं जा, वळ. पाचव्या बाजूला निघाल्या जागी आले. दुसऱ्याला वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात केली आणि त्याचा कोपरा पहिल्याच्या पोटात नेऊन बाहेर काढला. रेघ थोडी वाकडी गेली, पण दोन्ही मिटले. डॉक्टर कागद घ्यायला हात पुढं करत होते तरी मी सोडेना.

"मधी रंग भरायचा का?" मी विचारलं.

ते हसले. रंग नको म्हणाले. कुणी शिकवलं का तुम्हाला हे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी कासवाची गोष्ट सांगायला बसले. बाहेर रांग होती तरी त्यांनी निम्मी ऐकून घेतली. मग सूनबाईला आत बोलावून सांगितलं की या वयात होतं तेवढंच विसरणं आहे, काळजी करण्यासारखं काही दिसत नाही. रक्त थोडं कमी आहे, त्याच्या गोळ्या दिल्या. वर्षानं पुन्हा दाखवा म्हणाले. आणि आधी तो चष्मा नीट करा, आजी, दोऱ्यानं बांधलेल्या चष्म्यातून मलासुद्धा मीठ आणि साखर एकच दिसेल.

बाहेर आलो तर पुन्हा आभाळच. सूनबाई दवाखान्याच्या पायऱ्या उतरली आणि तरातरा चालू लागली. मी उभीच राहिले. आलो होतो ती वाट मनात उलगडली, येताना कुठं वळलो, आता आपलं तोंड कुठं आहे. मग तिला हाक मारली.

"अगं ए, बेंबळी हिकडं हाय. आधी तुझं तोंड कुठं हाय ते बघ."

ती परत आली, चार पावलं माझ्या मागं चालली आणि मग हसत सुटली. आधी चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकान उघडं होतं. काडी बसवली. रसाच्या गाड्यावर रस प्यालो. सूनबाईचा आग्रह होता, बर्फ नको म्हणून, पण मी घातला.

घरी नात दारातच उभी. काय म्हणाले म्हणून विचारायच्या आधीच माझं तोंड बघून तिला कळलं. आमचे हे ओसरीवर होते. त्यांनी घोंगडं सारून मला बसायला जागा केली. दिवसभर त्यांनी भाकर खाल्ली नव्हती, हे मला नातीनं नंतर सांगितलं.

रात्रीचा सैपाक मी केला. सूनबाई नको म्हणत होती, पण मला करायचाच होता. सगळे पानावर बसले, पहिला घास घेतला आणि एकमेकांकडं बघायला लागले. मी आमटी चाखली. मीठच नव्हतं. आधीच्या महिन्यांत अशा वेळी मी उठून गोठ्यात जाऊन बसले असते. त्या दिवशी मी हसले.

"उठ गं," मी नातीला म्हटलं, "मावळतीच्या फळीवरचा डबा आण."

"कासवाला सांगू का?" ती म्हणाली, आणि उठली.